आंदण

मेहकरच्या दवाखान्यात बायकांसाठी नर्स म्हणून सेगुला थळकर रुजू झाली, तेव्हा ही बाई नेमकी कोण, हे गावाला बरेच दिवस उमगलं नाही. कपाळाला कुंकू नाही म्हणून काहींनी तिला मिशनवाली ठरवलं. पण नऊवारी लुगडं नि गळ्यात काळी पोत पाहून मिशनवाल्यांनीच ते नाकारलं. शनिवारी तिच्या घरची चूल पेटत नसे. दाराच्या चौकटीला उजव्या हाताला एक बारीक पितळी नळी ठोकलेली होती. घरातली माणसं येता-जाता तिला बोटं लावत आणि मग ती बोटं ओठांना टेकवत. शेवटी गावाने विचारणं सोडून दिलं. सगळे तिला नर्सबाई म्हणू लागले.

ते बेने इस्राएल होते, म्हणजे कोकणातले यहुदी, मूळचे अलिबागकडचे. सेगुलेचा नवरा शालोम सडकेवर ओव्हरसियर होता; सिंदखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर खडी आणि मुरूम टाकून घेण्याचं काम त्याच्याकडे होतं. सासरे एलोजी पलटणीत जमादार होते. पेन्शन झाल्यावर मुलाबरोबर वऱ्हाडात आले. त्यांना आता कमी दिसे, पण तोरा, म्हणजे मोशेने आणलेलं शास्त्र, जवळजवळ तोंडपाठ होती. दर शनिवारी ते त्यातला एक भाग मराठीत समजावून सांगत. ऐकायला मुलगा आणि सून अशी दोनच माणसं. शालोम-सेगुलेला मूलबाळ नव्हतं.

फाल्गुनात तानू दवाखान्यात आली. मेहकरच्या पूर्वेला एका गावात उकंडराव देशमुखांचं मोठं घर होतं, तिथली ती कामाची बाई. कुरडया करताना गव्हाचा उकळता चीक तिच्या उजव्या हातावर सांडला होता. चार दिवस घरच्या घरी कोरफड लावून झाली, आणि हात सडायला लागला तेव्हा धाडली. सेगुलेने तिला दर दोन दिवसांनी यायला सांगितलं. दवाखान्यात गर्दी असे, म्हणून पट्टी बदलायला ती तानूला आपल्या घरीच बोलवी. मागच्या पडवीत बसून, कळ सोसत, तानू बोलत राही.

ती देशमुखांकडे नोकरीला लागली नव्हती. देशमुखीण सत्यभामाबाई नऊ वर्षांची असताना लग्न होऊन या घरात आली, तेव्हा तिच्या बापाने भांडीकुंडी, गाय आणि तानू असं आंदण दिलं होतं. तानूही तेव्हा तेवढीच होती. तिला पगार नव्हता. खायला, नेसायला मिळे. तिचं लग्न कोणी लावून दिलं नाही. पण तिला एक मुलगी होती, कोकिळा, चौदा-पंधरा वर्षांची. तिच्या बापाचं नाव त्या गावात कोणी विचारत नसे.

आता देशमुखांच्या मुलीचं, विमलचं, लग्न ठरलं होतं. वैशाखात तिथी होती. मुलगा सिंदखेडच्या पलीकडचा, मोगलाईतला, म्हणजे निजामाच्या राज्यातला. विमलबरोबर आंदण म्हणून कोकिळा जायची होती.

हे तानूने सांगितलं तेव्हा सेगुला पट्टी गुंडाळत होती. तिचा हात थांबला. असं आता कुठे होतं का, असं तिने विचारलं. तानूला तो प्रश्नच कळला नाही.

चैत्रात वल्हांडणाचा सण आला. मिसर देशात फारोची गुलामी करणारे इस्राएल लोक एका रात्रीत बाहेर पडले, त्याची ही आठवण. कणीक फुगायलाही वेळ मिळाला नव्हता, म्हणून त्या आठवड्यात खमीर घातलेलं काही खायचं नाही. सेगुला तव्यावर बिनखमिराच्या भाकऱ्या भाजत होती आणि काळ्या मनुका भिजत घातल्या होत्या, त्यांचा रस द्राक्षाच्या दारूऐवजी चालतो. तानू पट्टीसाठी आली आणि चुलीपासून जरा लांब बसली. कसला सण म्हणून तिने विचारलं. सेगुलेने सांगायला सुरुवात केली, पण पुढचं सगळं एलोजींनीच बाजेवर बसून सांगितलं. विटा, चाबूक, नदीत टाकलेली मुलं, मग मोशे, मग समुद्र दुभंगला ते.

तानू लक्ष देऊन ऐकत होती. समुद्राचं तिला फार नवल वाटलं नाही. तिने भलतंच विचारलं.

"आजोबा, सगळेच गेलते काय? मांगं कोनीच राह्यलं नाई?"

एलोजींना हा प्रश्न आवडला. ते म्हणाले, शास्त्रात तिथे एक शब्द आहे. त्याचा अर्थ कोणी 'हत्यारबंद' असा लावतात, कोणी 'पाचातला एक'. जुने पंडित म्हणतात, पाचातला एकच निघाला. बाकीचे निघायला तयार नव्हते.

"काऊन?"

"त्यांचं तिथं बरं चाललं होतं, असं म्हणतात," एलोजी म्हणाले. "मला नाही तसं वाटत. बरं कसलं चालणार? पण उद्या काय होईल, हे तिथं ठाऊक होतं."

पट्टी झाली, तरी तानू उठेना. मग तिने खालच्या आवाजात सेगुलेला म्हटलं, "नर्सबाई, माह्या पोट्टीले कुठं तरी पोचवून द्या. मोगलाईत गेली का ती मले दिसनार नाई."

सेगुलेने त्या दिवशी शालोमला सांगितलं. तो साधा, सरळ, नोकरीला जपणारा माणूस होता. दुसऱ्याच्या घरातली मुलगी पळवली असा बोभाटा झाला तर आपण कुठले, असं तो म्हणाला. उकंडरावांचं वजन मोठं होतं. साहेब दौऱ्यावर आला की त्यांच्या आमराईत उतरे. पण म्हाताऱ्या बापासमोर त्याला सरळ नाही म्हणवेना. त्याने ओळखीच्या रमाकांत नावाच्या कारकुनाला आडून आडून विचारलं. रमाकांत कायदा शिकलेला, सज्जन माणूस. तो म्हणाला, गुलामी सरकारने आपल्या पणजोबांच्या काळातच बंद केली. ती आता नाहीच. आणि जी गोष्ट नाही, तिच्यातून कोणाला सोडवून द्या असा अर्ज कसा करणार? मुलगी घरात राहते, जेवते, तिला कोणी कोंडलेलं नाही. तिने स्वतः जायचं म्हटलं तर कोण अडवणार? शालोमने घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं आणि हात धुवायला गेला.

"तिने स्वतः म्हटलं तर," सेगुला म्हणाली. तिने तेवढंच धरून ठेवलं.

पुढच्या खेपेला तानू कोकिळेलाही घेऊन आली. मुलगी उंच, हसरी. सोनाराने तिचे कान वरच्या बाजूला नव्याने टोचले होते. लग्नात घालायला देशमुखांनी तिच्यासाठी चांदीच्या बुगड्या केल्या होत्या. एक कान सुजून लाल झाला होता. सेगुलेने कोमट पाण्याने तो पुसायला घेतला. एलोजींनी काय झालं म्हणून विचारलं, आणि कळल्यावर ते जरा अस्वस्थ झाले. मग म्हणाले, शास्त्रात एक कायदा आहे. गुलामाला सातव्या वर्षी मोकळं सोडायचं. पण तो म्हणाला, माझा धन्यावर जीव आहे, मी जात नाही, तर धन्याने त्याला दाराच्या चौकटीशी न्यायचं आणि अरीने त्याचा कान टोचायचा. मग तो कायमचा त्याचा.

"कानच का?" सेगुलेने विचारलं.

"देव सिनाय डोंगरावर बोलला की ही माणसं माझी चाकर आहेत. ते त्या कानाने ऐकलं होतं. ऐकूनही तो गेला आणि दुसरा धनी करून बसला. म्हणून कान."

सेगुलेला राग आला. सासऱ्यांशी ती सहसा वाद घालत नसे. पण त्या दिवशी म्हणाली, "आबा, या पोरीच्या कानाला कोणी काय सांगितलंय? कोणता डोंगर?"

कोकिळा हसली. तिला वाटलं, तिच्या बुगड्यांबद्दल काही चाललंय.

ठरलं ते असं. तानूचा हात मोठ्या दवाखान्यात दाखवायला हवा, असं सेगुलेने सत्यभामाबाईंना कळवायचं, आणि आईच्या सोबतीला कोकिळेलाही मागायचं. खामगावपर्यंत मोटार होती. पण खामगावात देशमुखांचा कापूस जात असे, तिथला अडत्या आणि हमाल त्यांच्या घरच्या माणसांना ओळखत. म्हणून तिथे आगगाडीत न बसता दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, करून नांदुऱ्याला जायचं आणि तिथून मुंबईची गाडी धरायची. सेगुलेची बहीण रिबका मुंबईला मुलींच्या शाळेत शिकवत होती. ती कोकिळेला ठेवून घेईल. तानू मात्र मागे येणार होती. तिच्यावर काय येईल ते येईल, तिचं तिने ठरवलं होतं. शालोमने शेवटपर्यंत हो म्हटलं नाही. पण मोटारीच्या जागा त्यानेच धरून दिल्या.

सत्यभामाबाईंनी लगेच पाठवलं. वाटेत खायला धपाटे आणि चटणीही दिली. तानूने ते फडकं सबंध प्रवासात सोडलं नाही.

नांदुऱ्याच्या स्टेशनावर सेगुला, तानू आणि कोकिळा सकाळी पोचल्या. कापसाच्या गाठी रचून ठेवल्या होत्या, त्यांच्या सावलीत बसल्या. तोवर कोकिळेला एवढंच सांगितलं होतं की दवाखान्यात जायचंय. आता तानूने खरं सांगितलं. सांगताना ती मुलीकडे पाहत नव्हती, रुळांकडे पाहत होती.

कोकिळा आधी हसली. मग आईचा चेहरा पाहून थांबली. तिने विचारलं, विमलताईला हे ठाऊक आहे का. नाही म्हटल्यावर तिने गाठोडं जवळ ओढलं.

"मी नाई जात," ती म्हणाली. "ताईले अंधाराचं भेव वाटते. सासरी तिच्यापाशी कोन निजीन?"

सेगुलेने तिला समजावलं. रिबकाचं घर, शाळा, हाताला काम, कोणाचा हुकूम नाही. मुलगी नम्रपणे ऐकत होती, जशी आजवर सगळ्या मोठ्या माणसांचं ऐकत आली होती. गाडीची घंटा झाली. तानूचा धीर सुटला. तिने पोरीच्या पाठीत धपाधप मारलं, मग तिचे पाय धरले, आणि शेवटी, आजवर जे कधी उच्चारलं नव्हतं, ते बोलून गेली.

"ज्यानं तुले आंदन देल्लं ना, तो तुहा बाप हाये. बापानं देल्लं तुले, भांड्यावानी."

कोकिळेने आईचे हात पायांवरून सोडवले.

"मले ठाऊक हाये, माय," ती म्हणाली. "म्हून तं ती माही बहीन हाये."

गाडी आली, थांबली, आणि गेली. तिघींपैकी कोणीच उठलं नाही. सेगुलेच्या मनात येऊन गेलं की दंडाला धरून चढवावी. बळ होतं तिच्यात. पण मग आपणही तेच केलं असतं, हेही तिला तिथेच कळलं, आणि ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. नंतर पुष्कळ वर्षं तिला वाटत राहिलं की धरायला हवी होती.

परतल्यावर कोकिळेने सगळं विमलला सांगितलं, विमलने आईला. सेगुला आणि शालोम घाबरून वाट पाहत होते. पण देशमुखांकडून कोणी आलं नाही. सत्यभामाबाईंनी तानूला मारलं नाही की उपाशी ठेवलं नाही. त्या फक्त म्हणाल्या, "तुले काय वाटलं, मी तुह्या पोरीले उघड्यावर टाकीन?" आणि रडल्या. तानूला त्यांचीच समजूत घालावी लागली.

वैशाखात लग्न झालं. नवरीच्या गाड्या मेहकरवरूनच पुढे गेल्या. सेगुला दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभी होती. शिंगं रंगवलेल्या बैलांच्या गाडीत विमल बसली होती, आणि तिच्या मागे हिरवं लुगडं नेसलेली कोकिळा. तिने सेगुलेला ओळखलं आणि हात हलवला. तानू गाड्यांमागून सडकेच्या वळणापर्यंत चालत गेली, मग कडेच्या खडीच्या ढिगावर बसली. शालोमची माणसं तिथे काम करत होती, त्यांनी तिला पाणी दिलं.

त्यानंतर तानू थळकरांकडे यायची बंद झाली. हात बरा झाला होता, कारण उरलं नव्हतं.

दोन पावसाळे गेले. दुसऱ्या पावसाळ्याच्या अखेरीस मोगलाईतून निरोप आला की विमल बाळंतपणात गेली, मुलगा वाचला. देशमुखांच्या घरी सुतक धरलं. ते फिटल्यावर तानू सेगुलेच्या पडवीत येऊन उभी राहिली. ती एकदम म्हातारी दिसत होती.

"आता तं ती निघून यीन ना, नर्सबाई?" तिने विचारलं. "ज्याच्यासाठी राह्यली, ते मानूसच नाई."

या वेळी लपवाछपवीची गरज पडली नाही. सत्यभामाबाईंना नातवाची काळजी होती; नर्सबाईने जाऊन पोराला बघून यावं, तानूनेही जावं, असं त्यांनीच सुचवलं आणि गाडी दिली. दसऱ्यानंतर दोघी निघाल्या. सिंदखेडच्या पुढे हद्दीवर नाका होता. तिथल्या शिपायाने बाळंतविड्याची गाठोडी उलगडून पाहिली आणि सोडलं. पलीकडेही जमीन तीच होती. तूर फुलली होती, ज्वारी गुडघ्यावर आली होती.

विमलच्या सासऱ्यांचं नाव इंद्रभान. गोरे, शांत, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी पाहुण्यांना ओसरीवर बसवलं, गुळाचा चहा दिला, सुनेच्या आठवणीने डोळे पुसले. मूल चांगलं होतं. ते कोकिळेच्या हातात होतं.

सेगुलेने मुलाला तपासलं. कोकिळा पुढ्यात बसली होती, डोळे खाली घालून. तिचं हसू कुठे गेलं होतं ते विचारायची गरज नव्हती. मनगटाच्या वर जुना आणि नवा असे दोन्ही वळ होते. आई तिला घेऊन पाण्याच्या निमित्ताने गोठ्याकडे गेली. परत आल्यावर तानूने सेगुलेच्या कानात सांगितलं. कोकिळा म्हणाली होती, "माय, मले घिऊन चाल. ताई होती तवर ठीक होतं." बाकी काही सांगायला तिने नकार दिला होता.

सेगुलेने सगळा धीर गोळा करून इंद्रभानरावांना विचारलं. आई थकली आहे, मुलीला माहेरी जाऊ द्या, पोरासाठी आपण दुसरी बाई पाहून देऊ. ते शेवटपर्यंत ऐकून घेत होते.

"नर्सबाई, मी कोनाले बांधून ठिवत नाई," ते मग म्हणाले. "तिलेच पुसा."

त्यांनी कोकिळेला हाक मारली. ती ओसरीच्या खालच्या पायरीशी येऊन उभी राहिली. घरातले पुरुष भिंतीशी उभे होते. विमलचा नवराही होता. तो एकटाच तिच्याकडे पाहत नव्हता. इंद्रभानरावांनी अगदी सौम्यपणे विचारलं, बाई, तुला जायचं आहे काय? मूल तिच्या हातात चुळबुळत होतं.

कोकिळेने एकदा सेगुलेकडे पाहिलं. तेवढ्यातही सेगुलेला वाटलं, आता ही बोलेल.

"नाई," ती म्हणाली.

"तुमी आयकलं," इंद्रभानराव म्हणाले, आणि चहाचे कप उचलायला सांगितलं.

सेगुला म्हणाली, तिला एकटीला विचारू द्या. ते म्हणाले, विचारा की. पण कोकिळा तोवर आत गेली होती, आणि आतून कोणी तिला बाहेर पाठवलं नाही. दाद मागायला जायचं कुठे? हद्दीच्या अलीकडे ज्या कायद्यात या मुलीसाठी शब्द नव्हता, तो पलीकडे कुठून येणार? ऊन उतरत होतं. गाडीवानाने बैल जुंपले.

तेव्हा तानू उठली. डोक्यावरचा पदर पुढे ओढून ती इंद्रभानरावांसमोर गेली आणि खाली बसली. म्हणाली, मालक, लहान लेकरू आहे, घरात काम वाढलं असेल. मला ठेवून घ्या. मला काही नको. सत्यभामाबाईला मी निरोप धाडते, ती नाही म्हणणार नाही.

सेगुलेने तिला खांद्याला धरून बाजूला घेतलं. हे काय करते आहेस, म्हणाली. एकीला सोडवायला आलो आणि तू स्वतः होऊन आत चाललीस.

"मांगं जाऊन मी काय करू, बाई?" तानू म्हणाली. "पोट्टी हितं हाये."

इंद्रभानरावांनी ठेवून घेतलं. त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. एका जास्तीच्या माणसाने घरात अडचण होत नाही, असं ते म्हणाले. तानूने आपलं गाठोडं उतरवून घेतलं आणि सेगुलेला वाकून नमस्कार केला. मग मागल्या दाराने आत गेली, कारण पुढच्या दाराने ती कोणत्याच घरात कधी गेली नव्हती.

सेगुला एकटीच परतली. पहिला मुक्काम सिंदखेडला झाला, दुसरा वाटेत. तिसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचली तेव्हा शालोम कामावर होता. एलोजी बाजेवर बसले होते. एकाच माणसाच्या पावलांचा आवाज ऐकून त्यांनी काही विचारलं नाही. तिने पाय धुतले, त्यांच्याजवळ येऊन बसली आणि सगळं सांगितलं.

एलोजी म्हणाले, मोशेच्या आईचंही असंच झालं होतं. पोर फारोच्या मुलीच्या हाती लागलं, तेव्हा ती दाई म्हणून त्याच घरात गेली. आपल्याच मुलाला पाजायला, परक्याच्या हुकमात.

"पण तिचा मुलगा बाहेर पडला, आबा," सेगुला म्हणाली. "सगळ्यांना घेऊन पडला."

"पडला," एलोजी म्हणाले. "ऐंशी वर्षांचा होता तेव्हा."

सेगुला उठली. दवाखान्यातून दोनदा बोलावणं येऊन गेलं होतं. माळीपेठेत एक बाई सकाळपासून अडली होती. सेगुलेने लुगडं बदललं, पेटी उचलली आणि गेली.